धुराड्यावरची टोपी

मंगळवारी सकाळी मी फायरप्लेसमधली पावसाच्या पाण्याची बादली रिकामी करून परत जागेवर ठेवत होते, तेव्हा ह्यांच्या ऑफिसातून फोन आला. हे खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

पुढचे दहा-बारा दिवस सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये माणसांची रीघ होती. माणसं येऊन टेकायची. मग नजर त्या बादलीकडे जायची आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "वहिनी, ते घमेल्याचं आठवतं?" किस्से असे साठत गेले.

*

घमेल्याचं असं. दिल्लीत थंडीतही पाऊस येतो, नेमका शेकोटीच्या दिवसांत, आणि आमच्या धुराड्यातून पाणी थेट खोलीत. ह्यांनी गच्चीवर जाऊन धुराड्यावर घमेलं पालथं घातलं. रविवारी ऑफिसातली मराठी मंडळी शेकायला जमली. लाकडं पेटवली, आणि पाच मिनिटांत सगळे खोकत अंगणात! डोळे पुसत हे म्हणाले, "पाणी मात्र थांबलं."

*

मग दुरुस्तीच्या ऑफिसात तक्रार केली. साहेबांनी नकाशा उलगडला. "नक्शे में तो चिमनी है ही नहीं."

"फिर पानी कहाँ से आता है?" ह्यांनी नम्रपणे विचारलं.

साहेबांनी शेरा मारला: खिडकी उघडी राहिल्यामुळे. पुढच्या पावसात हे खरोखर खिडकी लावून बसले. सरकारी शेऱ्यावर ह्यांचा फार विश्वास.

*

शेजारच्या खन्नाजींनी स्वतःची जुनी छत्री दिली. ती धुराड्याला सुतळीने बांधली. दोनच दिवसांत आंधी आली. सकाळी खन्नाजी छत्री काखेत घेऊन दारात उभे. "भाईसाहब, आपकी छतरी दूध के बूथ पर लाइन में लगी थी."

*

शेवटी ह्यांनी पत्र्याची टोपी करून आणली. चार पायांची, म्हणजे वरून पाऊस अडेल आणि बाजूंनी धूर जाईल. ती बसवायच्या आधीच हे गेले आणि टोपी व्हरांड्यातच राहिली.

सरकारी क्वार्टर आता आम्हाला येत्या उन्हाळ्यात सोडायचं होतं. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेले देशपांडे म्हणाले, "वहिनी, एका हिवाळ्यासाठी कशाला खटाटोप? विटा लावून धुराडं बंदच करून टाकू."

माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या. त्या म्हणाल्या, "दिनूने टोपी माझ्यासाठी केलीय. बंद केल्यावर मी शेकू कुठे? तुझ्या ऑफिसात?"

देशपांडे रविवारी पाना घेऊन आले.

*

खन्नाजींनी शिडी धरली. देशपांडे वर टोपीचा एकेक पाय बोल्टने आवळत होते. मी आत पानं मांडत होते, सासूबाई फायरप्लेससमोर बसल्या होत्या. तिसरा बोल्ट झाल्यावर, मधे काही अडकलंय का ते पाहायला देशपांड्यांनी धुराड्यातून हाक दिली, "खाली ऐकू येतंय का?"

सासूबाई वर पाहत म्हणाल्या, "दिनू, पुरे आता. खाली ये. आमटी निवतेय."

वरून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग देशपांडे म्हणाले, "आलो, आई."

ते उतरले, हात धुतले आणि सासूबाईंच्या शेजारी बसून जेवले. आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

जानेवारीत तीन दिवस पाऊस झाला. फायरप्लेस कोरडी राहिली, मंडळी शेकायला आली. चौथा बोल्ट लावायचा राहून गेला.