लगेच मिळालेली नक्कल
आमच्या सोलापूरच्या कचेरीतले जमिनीचे जुने फेरफार स्कॅन झाले, तेव्हा गाव आणि गट नंबर टाकला की नेमका कागद शोधून आणणारा प्रोग्राम मी लिहिला. पहिल्याच दिवशी सांगोल्याकडचे एक आजोबा दिवसभर थांबायच्या तयारीनं फडक्यात भाकरी बांधून आले. ते बाकावर टेकायच्या आत मी नक्कल छापून, शिक्का मारून पुढे केली.

"एवढ्यात? कपाट तर कुनी उगडलंच न्हाय की!"

मी स्क्रीन दाखवली, समजावलं, मग चिडलो. त्यांनी कागदाला हातही लावला नाही. शेवटी वैतागून मी नक्कल ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणालो, "दुपारी या."

"आत्ता कसं बोललासा!" म्हणत आजोबा समाधानानं भाकरीचं फडकं सोडून बसले.