भिंतीवरची ताई

पेंटरला बाईचा एकच चेहरा काढता यायचा. तो म्हणजे त्याच्या ताईचा.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. चुलीतला कोळसा हाती आला आणि तो भिंतीवर रेघा ओढू लागला, तेव्हाही समोर बसलेली असायची ती ताईच. मांडीवर कुणाचा तरी सदरा, दातांत दोरा. शिंप्याकडची काजं-बटणं करून ती दोघांचं पोट भरत होती. पोरगं तिचं नाक काढी, पुसी, पुन्हा काढी. पुढे एका फिरत्या बोर्डवाल्याच्या मागे हिंडून तो अक्षरं शिकला, पण चेहरे शिकवणारं कुणी भेटलं नाही. हाताला ठाऊक असलेल्या त्या एका नाकाडोळ्यांवरच त्याचं दुकान उभं राहिलं.

आणि चांगलं उभं राहिलं. बाजाराच्या रस्त्यानं आत शिरलं की पहिल्याच वळणावर ताई साबणाची वडी दाखवत असे. पुढे चहाच्या डब्याशेजारी तीच, आणि तेलाच्या बाटलीशेजारी केस मोकळे सोडून बसलेली तीच. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, हसताना एक गाल आधी हलणारा. पेंटर दुसरी बाई काढायला बसायचा, नाही असं नाही. कपाळ परकं जमायचं, डोळेही बरेचसे परके राहायचे. पण तोंडापाशी आला की हात आपसूक घरी यायचा.

गावाला थट्टेला विषय झाला होता. शिंपी म्हणायचा, "ताई, काल तुम्हाला शिलाई मशीनच्या पाटीवर बघितलं. माझं काम टाकून तिकडे कुठे गेलात?"

"तिकडे बसायला खुर्ची तरी दिलीय," ताई मान वर न करता म्हणायची.

तिचा नवरा वारलेला. दोन मुलगे. थोरला गवंड्याच्या हाताखाली होता, धाकटा चौकातल्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. घर म्हणजे पुढे-मागे दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारं दार. त्या दाराच्या उजेडात बसून ती टाके घालत असे.

मग लढाई लागली. घरटी एक तरुण सक्तीनं न्यायचा, असा हुकूम निघाला आणि थोरल्याचं नाव लागलं. त्याला कुणी विचारलं नाही, ताईलाही नाही. निघायच्या सकाळी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. "काढ, टाका घालते," म्हणून ताईनं सदरा घेतला आणि सुई ओवली. तेवढ्यात ट्रक आला. शिपाई घाई करायला लागला. थोरल्यानं दोरीवरचा दुसरा सदरा ओढला आणि अंगात चढवत चढवतच पळाला. ताई दारात उभी राहिली. एका हातात तो सदरा, दुसऱ्या हातात सुई, दोरा खाली लोंबतोय. ती रडली नाही. तोंड मिटून नुसती रस्त्याकडे बघत राहिली. पेंटर शेजारीच होता. त्यानं तो चेहरा एकदा पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

लढाईला घरटी एक पुरेना. दुसऱ्या मुलासाठी मात्र सक्तीचा हुकूम नव्हता. तो राजीखुशीनं यायला हवा होता. ही राजीखुशी तयार करायचं काम प्रचार कचेरीकडे आलं, आणि कचेरीचे साहेब पेंटरकडे आले. माणूस गोड बोलणारा. रंगाच्या डब्यांमधून जपून पाय टाकत आत आला आणि स्टुलावर बसला.

"मला एक आई हवीय," साहेब म्हणाले. "दारात उभी, निरोपाचा हात वर केलेला. हसरी असू दे."

चौकातल्या गोदामाची भिंत ठरली, सायकलच्या दुकानासमोरची. पेंटरनं परांची बांधली, भिंतीवर खडूनं चौकटी पाडल्या आणि काम धरलं. या धंद्याची एक रीत आहे. आधी चित्र काढायचं, खाली पांढरी पट्टी कोरी सोडायची, आणि मजकूर अगदी शेवटी घ्यायचा. साबणवालेही शेवटच्या दिवसापर्यंत मजकूर बदलत असत. त्यामुळे भिंतीवर ताई हसून हात हलवू लागली, तरी ती काय म्हणते आहे हे पेंटरलाच माहीत नव्हतं.

चित्र वाळल्यावर साहेबांनी मजकूर सांगितला: एक दिला. दुसराही देईन.

पेंटरच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "साहेब, ही माझी ताई आहे."

"हो का? मग बरंच झालं. लोकांच्या ओळखीची बाई."

"ती असं काही म्हणालेली नाही."

"त्या साबणानं कांती उजळते, असं तरी ती कुठे म्हणाली होती?" साहेब हसले. "तेव्हा तुम्ही लिहिलंतच ना?"

पेंटर परांचीवर चढला. खडूची दोरी ताणून झटकली, रेघा उमटल्या, आणि त्या रेघांमध्ये त्यानं ते शब्द लिहिले. अक्षरं नेहमीसारखीच आली, म्हणजे सुरेख.

त्या दिवसापासून थट्टा बंद झाली. शिंपी ताईला बघून उठून उभा राहू लागला. नळावर बायका तिला पुढे जायला वाट देऊ लागल्या.

"अहो, मी असं काही बोलले नाही," ताई सांगायची. "थोरला मी दिला नाही. त्याला नेला."

"बघा, किती साधेपणा," बायका एकमेकींना म्हणायच्या.

ती चिडून बोलली, तर बिचारीवर ताण आहे म्हणायच्या. गप्प राहिली, तर केवढा धीर म्हणायच्या. आपल्याच तोंडानं काही बोलायची सोय तिला उरली नव्हती.

एके दिवशी दूधवाली दारात आली. तिचाही एक मुलगा आधीच लढाईवर गेलेला. "काल दुसऱ्यानं भरतीत नाव घातलं," ती म्हणाली. "तुम्ही देताय म्हटल्यावर मी कोण धरून ठेवणार?"

ताईनं तिचा हात धरला. "आत्ताच्या आत्ता जा आणि नाव काढून घे. ते माझे शब्द नाहीत. माझ्या भावानं पोटासाठी रंगवलंय ते."

दूधवालीनं हात सोडवून घेतला. "असं होय. म्हणजे आमचे पाठवायचे आणि स्वतःचा मागे घ्यायचा."

"माझं ऐक तरी..."

"खूप ऐकलं तुमचं, रोज चौकातून येता-जाता." ती निघून गेली, आणि पुन्हा त्या दारात आली नाही.

हे सगळं धाकट्याच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दिवसभर तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचा, आणि मान वर केली की समोर आई. गिऱ्हाइकं विचारायची, "तू ताईंचा ना? मग अजून इथे कसा?" आधी त्याला राग यायचा. मग लाज वाटायला लागली. मग एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "महिनाअखेरच्या भरतीला जाईन म्हणतो."

ताईनं ताट बाजूला सारलं. "जाऊ नकोस. मी आई आहे तुझी. मी सांगते, जाऊ नकोस."

"इथे असं बोलतेस."

"इथेच बोलते मी. दुसरीकडे कुठे बोलले?"

"अख्खा चौक वाचतो, आई."

"अरे, ते मामानं लिहिलंय."

"मामा तुला ओळखत नाही? माझ्या बारशाच्या आधीपासून तुझा चेहरा काढतोय तो." धाकटा हात धुवायला उठला. "घरात घाबरतेस, ते मला कळतं. पण मनातून तू तशीच आहेस. म्हणून तर त्याला तसं काढावंसं वाटलं."

ताई दुसऱ्या दिवशी तडक पेंटरच्या दुकानात गेली. "मला पूस," ती म्हणाली.

"ताई, भिंत आता कचेरीची आहे. हात लावला तर तुरुंगात टाकतील."

"लिहिताना नाही भीती वाटली ती?"

पेंटर खाली बघत डब्याचं झाकण घट्ट करत राहिला, घट्ट झालेलंच.

"पुसता येत नसेल, तर खरं काढ," ताई म्हणाली. "थोरला गेला तेव्हा तू होतास की शेजारी. कशी उभी होते मी? तशी काढ. धाकट्याला कळेल."

हे मात्र त्याला पटलं. रंग उन्हानं विटलाय, डागडुजी करतो, असं सांगून त्यानं कचेरीची परवानगी काढली. परांची पुन्हा बांधली. वर केलेला हात खोडून खाली घेतला आणि त्यात सुई दिली. दुसऱ्या हातात सदरा, लोंबता दोरा. हसरं तोंड खरवडून मिटलेलं केलं. ज्या चेहऱ्यावरून त्यानं त्या सकाळी नजर वळवली होती, तो आता त्यानं हाताएवढ्या अंतरावरून, एकेक सुरकुती बघत रंगवला. इतकं चांगलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. ही बाई कुणाला काही देते आहे, असं त्या चेहऱ्याकडे बघून वेड्यालाही वाटलं नसतं. पट्टीवरच्या अक्षरांना तेवढा त्यानं हात लावला नाही. ती कचेरीची होती.

परांची सुटली तेव्हा चौकात माणसं थबकली. शिंप्यानं टोपी काढली. पेंटर दोऱ्या गुंडाळत उभा होता. त्याला वाटलं, कळलं यांना.

मग शिंपी हळूच म्हणाला, "सदरा शिवतेय बघा. दुसऱ्याची तयारी करतेय."

"दुसऱ्याचा नाही," पेंटर म्हणाला. "थोरल्याचा आहे तो. बटण तुटलं होतं, लावायला वेळ दिला नाही त्यांनी."

"हो, पण खाली लिहिलंय ना," शिंपी म्हणाला. "दुसराही देईन. किती दुःख आहे बघा त्या तोंडावर, आणि तरी देतेय. आधीच्या चित्रात ही गोष्ट नव्हती."

माना हलल्या. पाठीमागून कुणीतरी नाक ओढलं.

साहेब दुपारी आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. पेंटर मनात म्हणत होता, पुसायला सांगा, शिव्या द्या, काहीतरी करा. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हसरी सांगितली, ही माझी चूक," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यापेक्षा हुशार निघालात. मी याचा फोटो घेतो. छापून सगळीकडे पाठवू."

धाकटा संध्याकाळी घरी आला तो रडून लाल झालेले डोळे घेऊन. "मामानं माझा सदरा काढलाय, आई."

"थोरल्याचा आहे तो, बाळा. तुला आठवत नाही? तू इथेच होतास."

"कुणाचाही असू दे आता," तो म्हणाला आणि तिच्या पाया पडला. नाव तो आधीच घालून आला होता.

निघायच्या सकाळी दारासमोर गर्दी झाली. चित्रातलं दार बघायला लोक पलीकडच्या गल्लीतून आले होते. ताईनं मुद्दाम सुई-दोरा डब्यात बंद करून ठेवला होता. हात मोकळे सोडून ती उंबऱ्यावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश म्हणाली, "मी तुला पाठवत नाही. मी तुला देत नाही. जाऊ नकोस."

मग एक म्हातारी पदरानं डोळे टिपत म्हणाली, "आईचं काळीज. बोलणारच." धाकट्यानं मान हलवली, जणू त्यालाही तेच वाटत होतं, आणि तो ट्रकमध्ये चढला.

त्याच दुपारी पेंटर चुन्याची बादली घेऊन चौकात गेला. तुरुंग तर तुरुंग. भर उन्हात, सगळ्यांदेखत त्यानं शिडी लावली आणि आपल्या हातानं लिहिलेली अक्षरं एकेक करून बुजवली. कुणी अडवलं नाही. पेंटर आहे, नव्यानं लिहिणार असेल, असं लोकांना वाटलं. पट्टी पुन्हा कोरी झाली, मजकूर यायच्या आधी असायची तशी. वर फक्त ताई उरली, मिटल्या तोंडाची.

ताईला कुणीतरी सांगितलं, तशी तीही आली आणि शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. चुना वाळत होता. एवढ्यात बाजारातून एक बाई आली, कडेवर छोटी मुलगी. मुलीनं भिंतीकडे बोट केलं. "ही कोण?"

"ती आई आहे," बाई म्हणाली, आणि कोऱ्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत तिनं मुलीला वाचून दाखवलं, "एक दिला. दुसराही देईन."

मुलीनंही हवेत बोट फिरवलं आणि बोबड्या बोलात तेच म्हटलं. ताई त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्या दोघींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पेंटर शिडीवरून ब्रश पुन्हा बादलीत बुडवू लागला. काय बुजवायचं, ते त्याला कळत नव्हतं.

"राहू दे," ताई म्हणाली. "उतर खाली."