एका वेळी एकच बदल

माझ्यासारख्या बाईने यंत्र जोडायला घेऊ नये, असं माझ्या माहेरी कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. कपाटाचं दार नीट लागलं नाही तर मी दाराशी भांडते. गणिताच्या शिकवण्या घेते तेवढा वेळ काय ती शांत असते, कारण मुलं दुसऱ्यांची असतात. पण हे यंत्र माझं नव्हतं. ते यांचं होतं, हात तेवढे माझे होते.

हे म्हणजे माझे पती. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागात होते. दाब दाखवणारे, तापमान दाखवणारे मीटर बिघडले की का बिघडले ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी बारीक करवत घेऊन प्लायवूडमधून नक्षी कापत बसायचे. देव्हाऱ्याच्या जाळ्या, दारावरच्या पाट्या. नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत निम्म्या दारांवर यांच्या हातच्या पाट्या आहेत. मग यांना पक्षाघात झाला. वाचा परत आली, पाय बराचसा आला, उजवा हात आला नाही. खांद्यातून थोडा उचलायचा, बोटं मिटायची, पण मिटलेली बोटं उघडायला डावा हात लागायचा. एकदा डाव्या हाताने करवत चालवून पाहिली. पातं मोडलं. मग हत्यारांची पेटीच त्यांनी मला माळ्यावर टाकायला लावली.

यंत्राची कल्पना यांचीच. संगणकावर डाव्या हाताने नक्षी काढायची आणि मोटरवर चालणाऱ्या लहानशा यंत्राकडून ती लाकडात कापून घ्यायची. सीएनसी म्हणतात त्याला. तयार विकत मिळतं, पण यांना ते स्वतः जोडायचं होतं. मला वाटलं, चला, माणूस कशात तरी रमतोय. मग एकदा चहा पिताना अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हे चाललं तर मी सगळं करीन. व्यायाम, गोळ्या, सगळं. नाही चाललं तर मला कुठे ओढत नेऊ नकोस." मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

बाल्कनीतल्या कुंड्या जिन्यात गेल्या आणि तिथे ॲल्युमिनियमची चौकट उभी राहिली. हे खुर्चीत बसून सांगायचे, मी पाना फिरवायचे. मी जरा जास्त पिळलं की "अर्धा आटा मागे", कमी पिळलं की "जेवली नाहीस का?" उजवीकडचा बेअरिंगचा ठोकळा, ज्यात आट्यांचा लांब दांडा फिरतो, तो मात्र "मीच बसवणार" म्हणून त्यांनी हट्ट धरला. उजवा पंजा वजनासारखा ठोकळ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने स्क्रू पिळले. पंजा घसरायचा, ठोकळा हलायचा, परत पहिल्यापासून. अख्खी दुपार गेली. मी शेजारी ओठ चावत बसले होते. मध्ये हात घातला असता तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि तेच करायचं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यंत्र चाललं. कापायच्या पात्याच्या जागी पेन बांधला होता, त्याने कागदावर गोल काढला. बांगडी ठेवून काढावा तसा नेमका गोल. यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

खंडेनवमीला माझा भाऊ आला. पनवेलजवळच्या कोन गावात त्याचे डंपर आहेत आणि त्या दिवशी तो सगळ्या गाड्यांची पूजा करतो. आमच्याही यंत्रासाठी त्याने झेंडूचा हार आणला होता, डंपरच्या तोंडावर घालतात तो, मनगटाएवढा जाड. आमचं यंत्र टीपॉयएवढं.

"अरे, एवढा कशाला?" मी म्हटलं.

"ताई, मशीन ती मशीन. आमी गारीला घालतो तसाच आनलाय. दाजी, घाला तुमी."

"डाव्या हाताने हार नको," हे म्हणाले आणि खाली बघायला लागले. देवाधर्माचं यांना फार नाही, पण डाव्या हाताने पूजा करायची नाही एवढं लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. त्याच हाताने हळदकुंकू लावलं, त्याच हाताने हार घातला. चौकटीला वेढे देऊनही तो खाली लोंबत राहिला. भाऊ तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता.

यंदा दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं लाकडी पान देणार, असं यांनी सोसायटीत कबूल केलं होतं. दसऱ्याच्या सकाळी मी पुरण वाटत होते. यांना धीर निघेना. त्यांनी डाव्या हाताने हार खेचून काढला, दोरा तुटला, बाल्कनीभर झेंडू. मी बडबडत केर काढला, प्लायवूडचा तुकडा आवळून बसवला आणि यंत्र सुरू केलं. पानाची एक बाजू सुरेख कापली. दुसऱ्या बाजूवर येताना यंत्र गुरगुरलं, अडखळलं आणि पुढे गेलं. पानाच्या दोन बाजू एकमेकींना भेटल्याच नाहीत. दुसरा तुकडा लावला, तिसरा लावला. तेच. संध्याकाळी लोकांना आम्ही बाजारातली पानं दिली.

"ठोकळा," हे म्हणाले. "मी बसवलेला ठोकळा वाकडा आहे."

मी काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला, ठोकळा सरळ होता. हे म्हणाले, तुला गुण्या धरता येत नाही. आता गणित शिकवणाऱ्या बाईला काटकोन कळत नाही म्हटल्यावर काय होणार? त्या दिवशी आमच्यात चांगलीच जुंपली.

अडचण अशी की या यंत्रातल्या मोटरला हुकूम मिळतो, पण ती खरंच तेवढी फिरली का, हे परत येऊन कोणी सांगत नाही. मध्ये अडली तर यंत्राला पत्ताच नसतो. ते चुकीच्या जागेवरून पुढचं सगळं मन लावून कापत राहतं. हे मला समजावताना यांचा आवाज बदलला. "मेंदू सांगतो, हात पोचत नाही. माझ्यासारखंच झालंय बघ ते." मी भांडी घासायला गेले.

बिघाड शोधायची यांची कारखान्यातली एक शिस्त आहे: एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा चालवून बघायचं, मग दुसरा. मला ते जमत नाही. माझं काम पी हळद अन् हो गोरी. एकदा मी रागारागात मोटरची वायर बदलली, वेग कमी केला आणि मोटरचा करंटही वाढवला, सगळं एकदम. यंत्र आणखीच किंचाळायला लागलं. हे इतके संतापले की शब्द अडकायला लागले. "आता... आता कशामुळे काय झालं, कसं कळणार?" मग मी एकेक मागे घेतलं, हे बघत बसले. वीज कमी-जास्त होते म्हणून वेगळ्या प्लगवर चालवलं. पंखा, फ्रिज बंद करून चालवलं. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दिष्ट लागली आसंल, लिंबू-मिरची बांध." त्याला म्हटलं, तू आता गप्प बस.

प्रत्येक वेळी शेवटी हे त्या ठोकळ्यावर यायचे. मी तो काढून पुन्हा बसवला, माझ्या हातांनी, तरी यंत्र अडखळलंच. "एकदा वाकडं बसल्यावर दांडाच वाकला असणार," हे म्हणाले. माणसाला स्वतःवर दोष घ्यायचाच असला की तो जागा शोधून काढतोच. फिजिओथेरपीच्या बाई घरी यायच्या. एके दिवशी यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. मग त्या यायच्या थांबल्या. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा आणि हे त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी भ्याले होते. रागावलेली बाई म्हणून मला सगळे ओळखतात, पण त्या दिवसांत मला राग येत नव्हता, नुसती भीती वाटायची. सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा हे श्वास घेतायत ना ते बघायचे.

एका दुपारी हे झोपले होते. मी ठरवलं की आज काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. यंत्र बंद ठेवून आट्यांचा लांब दांडा हाताने फिरवत गेले. एका जागी हाताला जड लागला. मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. तिथेच. दांड्यावरून सरकणारा नट सोडवला तर आट्यांच्या खाचेत काहीतरी काळं, चिकट गुंडाळलेलं. मला वाटलं ग्रीस. सुईने उचकटलं तसं ते लांबच लांब निघत गेलं. दोरा होता. त्याच्या एका टोकाला झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली होती.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. मला आधी आनंद झाला, मग आठवलं. हार खेचून तोडला होता यांनीच. म्हणजे ठोकळ्याचा दोष नाही, पण दोष यांच्याच हातचा. हे सांगितलं तर काय होईल? आधीच आपल्यामुळे सगळं बिघडतं असं धरून बसलेल्या माणसाच्या हातात मी पुरावा देणार होते. मी दोरा कचऱ्यात टाकला, दांडा पुसला, नट बसवला. यांना उठवून म्हटलं, "मी नट साफ केला, बघा जरा." यंत्राने आपट्याचं अख्खं पान कापलं, दोन्ही बाजू जिथल्या तिथे.

यांना आनंद झाला नाही. ते पान उलटसुलट करून म्हणाले, "काय होतं नटात?"

"घाण होती."

"कसली?"

"घाण हो. धूळ."

"धुळीने एवढं अडत नाही." त्यांनी पान बाजूला ठेवलं. "कारण कळलं नाही म्हणजे बिघाड गेलेला नाही. लपलाय नुसता. आपण प्लान्टमध्ये असं सोडलं असतं तर माणसं मेली असती."

त्यानंतर यंत्र रोज नीट चालत होतं आणि हे रोज ते बिघडायची वाट बघत होते. नवीन नक्षी काढायला घेईनात. फिजिओच्या बाईंचं नाव काढलं की "बघू" म्हणायचे. त्या "बघू"ला काही अर्थ नसतो हे बायकोला कळतं. मी त्यांना वाचवायला गेले आणि दोघंही आणखी खोल गेलो. शेवटी एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. हार, तुटलेला दोरा, नट, कचऱ्याची बादली, सगळं.

पहिल्यांदा भडकले ते दोरा टाकला म्हणून. "सापडलेली वस्तू टाकतं का कोणी?" मग चहाचा कप बाजूला सारला.

"हार मी कोणत्या हाताने काढला?"

"डाव्या."

"नक्की?"

"उजव्याने कसा काढाल?" तोंडातून गेलं माझ्या. जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

हे डाव्या हाताकडे बघत राहिले. वळवून बघितला, तळव्याकडून, मागून. "म्हणजे घाण केली ती या धडधाकटाने," ते हळूच म्हणाले, "आणि मी शिव्या घालतोय त्या उजव्याला." मग हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आजारापासून या दोन्ही गोष्टी एकात एक होतात, डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. एरवी मी पाणी देऊन थांबवते. त्या दिवशी थांबवलं नाही, मीही रडून घेतलं.

डोळे पुसल्यावर त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून उघडली.

"बाईंना फोन लाव. म्हणावं, उद्यापासून या."

"त्या ओरडतील तुम्हाला. इतके दिवस फुकट गेले, हात आणखी आखडलाय."

"ओरडू देत," हे म्हणाले. "हात माझाच आहे."