पल्याडच्या बहिणीकडे

आमच्या जालन्यात कयाक म्हटलं की लोक आधी दोनदा विचारतात आणि मग हसतात. टँकरची वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यातलंच कुणी नदीतून बोटीनं नांदेडपर्यंत जायला निघालंय, हे कुणाच्या पचनी पडत नाही. माझ्या जाऊबाई तर म्हणाल्या, "पन्नाशीत हे काय नवीन खूळ?" मी म्हटलं, खूळ तर खूळ. मुलं मार्गी लागली होती. मी कचेरीतून लांबलचक रजा काढली आणि नवऱ्याबरोबर पैठणच्या खाली गोदावरीत बोट टाकली.

बोट दोन माणसांची, लांबुळकी आणि अरुंद. पुढे मी, मागे हे. मागच्यानं पायांनी सुकाणू सांभाळायचं, म्हणजे बोट कुठं जाणार ते त्याच्या हातात, नव्हे पायात. एवढी वर्षं संसाराचं सुकाणू मी धरलं, आता पाण्यात तरी ह्यांना धरू दे, असा आमचा करार होता.

गोदावरीला आमच्याकडे नुसतं गंगा म्हणतात. पुलावरून बघितली तर ती माणसांतली वाटते. बोटीतून मात्र तासन् तास माणूस दिसत नाही. दोन्ही काठांना वेड्या बाभळी, वाळू उपसून ढासळलेले कडे, पाणकावळे, आणि मधूनच जलपर्णी एवढी माजलेली की वल्हं घालायला जागा नाही. गाव जवळ आल्याशिवाय मोबाइलला रेंज नाही. बंधारा आला की सामान उतरवा, बोट खांद्यावर घ्या, काट्याकुट्यातून खाली न्या, पुन्हा भरा. अशाच एका बंधाऱ्यावर मी वैतागून ह्यांना सांगितलं, "मी इथूनच एसटीनं घरी चालले." हे म्हणाले, "जा, पण जाताना बोटीचं एक टोक धरून जा."

अंबड मागं टाकून आम्ही घनसावंगीच्या हद्दीत आलो होतो. दुपारी प्यायचं पाणी भरायला एका गावाच्या काठाला लागलो, तर तिथं एक म्हातारी बाई खुर्चीत बसलेली, नऊवारी लुगडं, नजर पल्याड. शेजारी तिची सून, कानाला फोन. आम्हाला बघून सुनेनं फोन खाली घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं. समोरच्या काठावर आत्याबाईंची, म्हणजे तिच्या सासूची, धाकटी बहीण होती. तिनं कालपासून अन्न सोडलं होतं, बोलणं बंद झालं होतं, आणि तिकडून सारखे फोन येत होते, की थोरलीला जल्दी आणा, तिच्यातच हिचा जीव अडकलाय. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा. गावातली जीप बाजाराला गेल्ती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्याबाईंना मोटारसायकलवर बसता येत नव्हतं. पल्याडचं पिंपळाचं झाड इथून स्वच्छ दिसत होतं, आणि त्या झाडामागंच बहिणीचं घर होतं.

"बसा आजी, मी नेतो," हे लगेच म्हणाले. 

म्हातारीनं ह्यांच्याकडे बघितलंही नाही. "परक्या गड्याच्या पुढ्यात पाय पसरून बसू व्हय? ही बाई नेत असंल तर येते मी. न्हाई तर राहू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, वारा बघा. मी कधी एकटीनं बोट नेलीय का? आणि बाई पाण्यात पडली तर?" हे म्हणाले, "पडली तर लाइफ जॅकेट आहे. नाही गेलीस तर मात्र तिला बहीण दिसणार नाही." असं काही बोलले की मला ह्यांचा भयंकर राग येतो. त्याच रागात मी बोटीतलं सामान काठावर उतरवायला लागले.

म्हातारीच्या लुगड्यावर नारिंगी जॅकेट चढवलं. मी आणि तिच्या सुनेनं तिला उचलून पुढच्या जागेवर बसवलं. तिनं ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावलं. मी मागे बसले. पायांखाली सुकाणूचे पेडल होते, आणि कुठलं दाबलं की बोट कुठं वळते ते त्या घटकेला मला आठवेना.

थोडं आत गेल्यावर ती मागं न बघता म्हणाली, "भ्यायली का गं?"

"भ्यायलेय."

"मी बी."

मग मला जरा बरं वाटलं. मध्यावर ती पाण्याकडे हात करून बोलायला लागली. "हितं खाली आमची टरबुजाची वाडी व्हती. बंधारा नव्हता तवा उन्हाळ्यात गंगा आटायची. आम्हा दोघी बहिणींना समोरासमोरच्या गावात दिलं. ती तिकडून वाडीला यायची, मी इकडून. दिवस कलला की रोज मधी भेटायचो. आता बारा महिने पाणी. पाणी झालं, बरं झालं, पर बहीण गेली."

एवढ्यात वारा फिरला. मी चुकीचं पेडल दाबलं आणि बोट लाटेला आडवी झाली. पाणी उसळून तिच्या मांडीवर आलं. तिनं दोन्ही कडा धरल्या आणि बोट डोलायला लागली. "हलू नका!" मी ओरडले. "तू वरडू नको, वल्हव!" ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली. माझे दंड भरून आले होते आणि तोंडानं मी काय काय पुटपुटत होते देव जाणे. पण बोट सरळ झाली, आणि हळूहळू पिंपळाच्या खालचा चिखल जवळ आला. तिचे तिकडचे दोन भाचे प्लास्टिकची खुर्ची घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी तिला खुर्चीत घातलं आणि जवळजवळ पळतच नेलं. मी मागून.

ओसरीत बाजेवर बहीण होती. एवढीशी झालेली. बाया बाजूला सरल्या. म्हातारी ओल्या लुगड्यानं बाजेला टेकली आणि तिचा हात धरला. कितीतरी वेळानं बहिणीनं डोळे उघडले. ओठ हलले. सगळ्यांनी कान दिले.

"आक्का, जेवलीस का?"

कालपासून न बोललेली बाई एवढंच बोलली. "न्हाई," आक्का म्हणाली. बहिणीची नजर आपल्या सुनेकडे गेली. सून पदर तोंडाला लावून चुलीकडे धावली. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे डबे येतात. बहिणीच्या घरी जेवायचं तर ते आताच, हे तिथं कुणालाच सांगावं लागलं नाही.

पिठलं-भाकर आली. आक्का खायला लागली. एकेक घास पाण्यानं खाली ढकलत होती. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण हात थांबला नाही. बहीण बघत होती, ताटाकडे, मग तोंडाकडे, परत ताटाकडे. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि तिथून निघवतही नव्हतं. भाकर संपली तशा बहिणीच्या पापण्या जड झाल्या. 

आक्कानं घाईघाईनं ताट पुढं केलं. "लई भूक लागलीय गं. अजून एक वाढ."

बहिणीनं डोळे उघडले.

दुरडीतल्या भाकरी संपल्या होत्या. सुनेची नजर सारखी बाजेकडे वळत होती, पाणी परातीबाहेर सांडलं. मी तिला बाजूला केलं, ओल्या कपड्यांनीच चुलीपुढं बसले आणि पीठ मळायला घेतलं.