कमलाबाईंनी खोचून ठेवलेला लव्हाळा

भंडाऱ्याहून आंधळगावकडे निघालेली एसटी जागोजागी थांबत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तिथले शेतकरी सुखदेवभाऊ यांचा फोन आदल्या दिवशीच आला होता. "मॅडम, उद्या ट्रॅक्टरचा नंबर लागला आहे. चिखलणी थांबवता येनार नाई. तुमचं गवत पायजे तं लवकर या."

ते गवत म्हणजे लव्हाळ्याची एक जात. आमच्या कॉलेजातल्या जुन्या, वाळवलेल्या नमुन्यातला डीएनए पार तुटून गेलेला. ताजं पान मिळालं तरच या जातीचं नातं कुठल्या लव्हाळ्यांशी आहे ते कळणार होतं. आसपासच्या दोन बोड्या (लहान तळी) मी गेल्या वर्षी पालथ्या घातल्या होत्या, एक काडी सापडली नव्हती. उरली होती ती सुखदेवभाऊंच्या बांधीच्या (भातखाचराच्या) कोपऱ्यात, तळ्याचं पाणी झिरपतं तिथे. त्यांनी पाठवलेल्या फोटोतही एकच झुडूप होतं.

मी पोचले तेव्हा ट्रॅक्टर अर्धी बांधी फिरून त्या कोपऱ्याकडे वळत होता. चपला हातात घेऊन मी गुडघाभर चिखलात धावले, दोनदा पडले, आणि चाकं चार हातांवर असताना ते झुडूप मुळासकट उपटलं. ड्रायव्हर माझ्यावर खेकसला. त्याचं चुकलं नव्हतं.

धुऱ्यावर (बांधावर) सुखदेवभाऊंच्या पत्नी कमलाबाई पऱ्ह्यांच्या (भातरोपांच्या) पेंड्या मोकळ्या करत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या झुडपाकडे पाहिलं.

"सारंच नेता का जी? थोडकं ठेवा."

"कशाला? हे तर तुम्ही निंदून फेकता."

"फेकतो. पन हे एकच होतं ना!" त्यांनी मला न विचारता मुळासकट दोन फुटवे मोडून घेतले आणि धुऱ्याच्या पायथ्याशी चिखलात खोचले. रोवणा (लावणी) झाल्यावर उरलेले पऱ्हे इथे असेच कोपऱ्यात खोचून ठेवतात. मेलेल्या रोपांचे खाडे भरायला ते कामी येतात. माझा नमुना मोडला म्हणून मला संताप आला आणि मी तो लपवला नाही. त्यांनी तरीही जेवायला बसवलं. गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वर मिरचीचा खुडा (ठेचा). चार घास खाऊन मी उठले, कारण नागपूरहून सुटणारी माझी रेल्वे चुकत होती.

घाईघाईत पानं पुसून पिशवीत ओलावा शोषणाऱ्या निळ्या दाण्यांत ठेवली आणि बाकीचं झुडूप वर्तमानपत्रात दाबलं.

नागपूर स्टेशनवर पिशवी उघडली. दाणे गुलाबी पडले होते. पावसाळी हवेत ते आधीच ओलावा पिऊन बसलेले. निघताना मी पाहिलंच नव्हतं. पानं काळी, चिकट झाली होती. वर्तमानपत्र माझ्याच ओल्या कपड्यांखाली दबून भिजलं होतं, आणि आतल्या झुडपाला कुजका वास येत होता. मी बाकावर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग फोन लावला. सुखदेवभाऊंनी तो कमलाबाईंना दिला. मी त्यांनी खोचलेल्या फुटव्यांचं विचारलं.

"जिता आहे जी," त्या म्हणाल्या. "रोवणा झाला, बायांले म्या सांगून ठेवलं, त्याले हात लावू नोका. काहून, काय झालं?"

काय झालं ते मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "या मंग. जेवाले या."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या धुऱ्यावर उभी होते. नागपुरात घेतलेले नवे दाणे, निळेशार, तीनदा तपासलेले. दोन फुटवे ताठ उभे होते. मी वाकले तशा कमलाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"किती नेता?"

"चार पानं."

"मुळाले हात लावू नोका."

मी नाही लावला.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दर स्टेशनला दाण्यांचा रंग पाहत होते, ते निळेच होते. जन्मभर लव्हाळा निंदून काढणाऱ्या बाईने ते झुडूप वाचवलं होतं. आणि शेवटचं म्हणून ज्याच्यासाठी मी एवढी धावले, ते मुळासकट उपटणारी मीच होते.