खोलीला मोरी नव्हती

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे आजही न लाजता सांगतो. पिंपरीला कारखाने उभे राहू लागले आणि साताऱ्या-सोलापुराकडची माणसं आमच्या गावात खोली विचारत हिंडू लागली, तेव्हा मी वडिलांना म्हटलं, "आबा, कडब्याच्या छपराजागी खोली बांधू. भाड्यानं जाईल."

"दारात आल्याला ठिवून घ्यायचं आन् वर पैसं मागायचं? असं कुटं असतंय व्हय?"

पण ऐकलं त्यांनी. अट एकच. "ज्वारी निघंस्तवर बिऱ्हाड आलं तर बरं. न्हाईतर कडबा आत भरीन."

नकाशा मीच काढला. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन खिडक्या आणि पुस्तकांसाठी फळीसुद्धा.

कारखान्यातला एक फिटर बायकोला घेऊन खोली बघायला आला. त्याला खिडक्या आवडल्या. बाई मात्र एकेक कोपरा बघत होती. शेवटी माझ्या आईला म्हणाली, "मावशी, मोरी कुठाय?"

मोरी नव्हतीच. आम्ही बापलेक जन्मभर नदीवर आंघोळ करणारे. डोक्यातच आलं नाही.

"नदी जवळच आहे," मी म्हणालो.

ती हसली. "ह्यांची सोय झाली. माझी?"

दोघं निघून गेली.

"पुस्तकाला फळी ठिवली," आबा म्हणाले, "बायामाणसानं न्हायाचं कुटं, ते कालिजात शिकवत न्हाईत वाटतं." रानात ज्वारी कापणीला आली होती.

मी आईला विचारलं, "तुझ्या ध्यानात आलं होतं?"

"आलं की. इतकी वरसं परसात पोत्याच्या आडोशाला न्हातीया मी. पर मला इचारलं कुनी?"

मी नकाशा तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. ती उठली, खोलीत गेली आणि पायानं कोपऱ्यात रेघ ओढली. "हितं. पानी माझ्या अळवाकडं निघू दे."

फरशी बसवली, विटांचा कठडा घातला, भिंतीला भोक पाडलं. मग कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून फिटरला गाठलं. "वहिनींना सांगा, मोरी झाली."

आठवड्यानं आबा कडब्याची गाडी घेऊन आले. खोलीचं दार आतून लावलेलं होतं आणि भिंतीच्या भोकातून पाणी अळवाकडं वाहत होतं. आबांनी बैल वळवले आणि कडबा परसात रचायला घेतला.

पुढच्या दोन खोल्या आईनंच आखल्या, पायानं. त्याआधी मात्र आमच्या घरात मोरी करून घेतली.