उशीचं बाळ

व्हिडिओ कॉल लागला की आजी आधी डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि मला हळूच विचारायच्या, "जावई हाय का समोर?" जावई नाहीत म्हटलं की मगच मोकळेपणी बोलायच्या.

खालापूरजवळच्या वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील; जन्मभर दुसऱ्यांचं करणारी, आणि स्वतःचं करून घ्यायची वेळ आली की संकोचणारी. आजी कडाव गावच्या. चाळीस वर्षं गावात सुईणपण केलेलं. खुब्याचं हाड मोडलं, घरी कुणी नाही, एकुलती लेक जर्मनीत, म्हणून आमच्याकडे आल्या. चालायचा व्यायाम करा म्हटलं की म्हणायच्या, "कशाला गं? जायाचंय कुटं मला?"

लेक बाळंत झाली, मुलगी झाली. आठव्या दिवशी, भर दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. बाळ अंगावर पीत नव्हतं. "आई, मला नाही जमत गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

आजींनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतःची उशी उचलून छातीशी धरली.

"हे बग. तू वाकू नको. पाठ टेक. बाळाला आपल्याकडं आण. डोकं नको दाबू, मानेखाली हात दे. मोठा आ करू दे... आता घे!"

तीनदा फसलं. चौथ्यांदा बाळाचं रडणं थांबलं. आजींनी हात वर केला. हॉलमधला टीव्ही कुणीतरी बंद केला, पत्ते खेळणारेही गप्प झाले. मला काहीच ऐकू येईना. आजींनी फोनला कान लावला.

"घोट घेतंय," त्या म्हणाल्या. "आता रड, बाय. ती पितेय तवर रडून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आजी वॉकर धरून उभ्या.

"पासपोट काढाया जिना चढावा लागंल का गं?"

वर्षभर रोज व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. लेक न्यायला आली, तेव्हा काठी टेकत स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेल्या.

त्याला दोन वर्षं झाली; त्यांच्या खाटेवर आता दुसऱ्या आजी आहेत. परवा जर्मनीहून कॉल आला. लेक तक्रार करत होती, "सिस्टर, ही पोरगी माझ्यासारखं बोलतच नाही!" तिच्या मागे आमच्या आजी ताटली घेऊन टेबलाखाली वाकल्या होत्या. "ये गं, जेवून घे."

टेबलाखालून ठणठणीत आवाज आला, "मी नाय येत, जा!"